तळाखालचा हात

मी एक जुने दप्तर आहे, मित्रांनो. रिकामे असताना माझे वजन सातशे ग्रॅम भरते. एका हमालाने मला दोन बोटांवर तोलून हा आकडा सांगितला होता आणि पुढे काट्यावरही तोच निघाला. वखारीत त्या हमालाला सगळे 'काटा' म्हणत. पोते पाठीवर आले की त्याचे वजन याच्या तोंडून आपोआप बाहेर पडे आणि ते सहसा चुकत नसे. तो माझ्या छोट्या मालकिणीचा बाप.

माझा जन्म तंबू शिवण्याच्या कारखान्यात झाला. मुलीची आई तिथे कामाला होती. तंबू कापताना कडेच्या ज्या पट्ट्या उरतात, त्या जोडून तिने मला शिवले. कापड इतके जाड होते की माझ्यापायी तीन सुया मोडल्या. तळाला तिने दुपदरी कापड लावले, पट्ट्यांवर सहा सहा टिपा मारल्या आणि म्हणाली, "आता दहा वर्षं बघायला नको." मला धन्य वाटले. दहा वर्षांत काय काय बघावे लागते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

मुलगी तेव्हा दुसरीत होती. अंगाने लहानखुरी, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. मी मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या बापाच्याच खांद्यावर गेलो. शाळा चढावर होती. तो मला एका खांद्याला अडकवी, मुंगीचे बोट धरी आणि दोघे गप्पा मारत वर जात. समोरच राहणाऱ्या आत्याला हे बघवत नसे.

"दादा, अशानं पोरीला पांगळी करून ठेवशील," ती म्हणे.

"ओझं काय असतं ते मला विचार. दिवसाला दोनशे पोती वाहतो मी. माझ्या पोरीनं एक पुस्तकही वाहायचं नाही."

"वाहणार नाही ती वाचणार कशी?"

तो हसत हसत मला उचली आणि निघे.

मुंगी तिसरीत गेली आणि शाळेच्या फाटकावर एक सूचना लागली: 'पालकांनी मुलांची दप्तरे उचलू नयेत. मुलांना स्वावलंबनाची सवय लागू द्यावी.' फाटकावरचा पहारेकरी ज्याला त्याला ती सूचना बोटाने दाखवू लागला. बापाने ती दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी त्याने मला मुंगीच्या पाठीवर चढवले, पट्टे नीट केले आणि तिच्या मागे चालू लागला. चालताना त्याने उजवा तळहात माझ्या तळाखाली घातला आणि सगळा भार वर उचलून धरला. लांबून पाहणाऱ्याला वाटे, मुलगी स्वतःचे दप्तर स्वतः नेते आहे. मला आणि मुंगीलाच खरे काय ते माहीत होते.

तळहाताच्या फोडासारखे जपणे असे माणसे म्हणतात. तो तळहात मी रोज अनुभवत होतो. घट्ट्यांनी खरखरीत झालेला, उबदार. त्याचे मधले बोट कधीतरी पेटीखाली सापडले होते, ते वाकत नसे. चार बोटे माझ्या तळाला कवेत घेत आणि हे एक सरळ राही.

मग एका दुपारी मुंगी शाळेतून एकटीच घरी आली, तर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. वखारीत पोत्यांची थप्पी कोसळली होती. मुंगीचा बाप तेव्हा पाठीवर पोते घेऊन फळी चढत होता. आत बायका बसल्या होत्या. कोणीतरी मुंगीला जवळ ओढले आणि मला दाराच्या मागे ठेवले. मी तिथेच बरेच दिवस उभा होतो.

ती पुन्हा शाळेला निघाली तेव्हा आईने मला वेळापत्रक न पाहताच भरले. सगळी पुस्तके, सगळ्या वह्या, डबा, पाण्याची बाटली. आईला लवकर कारखान्यात जायचे असे. तिने दारातून हात हलवला आणि मुंगी माझ्यासकट रस्त्याला लागली. आठ किलो होतो मी. पट्टे तिच्या खांद्यांत रुतले. ती पुढे वाकली, चार पावले चालली, थांबली. चढ सुरू झाला तेव्हा तिला धाप लागली आणि ती रडू लागली, आवाज न करता.

तेव्हा माझ्या तळाखाली हात आला.

मित्रांनो, मला डोळे नाहीत असे तुम्ही म्हणाल. पण हात ओळखायला डोळे कशाला लागतात? चार बोटांनी मला कवेत घेतले आणि मधले बोट सरळ राहिले. फक्त ऊब तेवढी नव्हती. पावसाळ्यात भिंत लागते तसा तो हात गार होता.

मुंगी क्षणभर जागीच उभी राहिली. मागे वळून पाहू नये हे तिला कोणी शिकवले, मला माहीत नाही. तिने पाहिले नाही. ती डोळे पुसून चालू लागली.

काही दिवसांतच एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. चित्रकलेच्या दिवशी मी जवळजवळ रिकामा असे, आणि त्या दिवशी हात येत नसे. ओझे असेल तरच तो येई. मग आई कामाला गेली की मुंगी हळूच माझ्यात भर घालू लागली. आधी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मग आईची मोडकी लोखंडी कात्री. मग अंगणातली अर्धी वीट, फडक्यात गुंडाळून. मी आठाचा अकरा किलो झालो. हातही तितकाच नेटाने उचलू लागला. नेहमी लागेल त्यापेक्षा थोडे जास्तच उचलायची त्याची जुनी सवय होती.

हे मला कळत होते आणि मी काही करू शकत नव्हतो, असे सांगितले तर ते अर्धेच खरे होईल. मलाही तो हात हवाहवासा वाटत होता.

त्याच सुमारास वर्गाच्या बाईंनी मुलांची दप्तरे तोलायला सुरुवात केली. कोणाच्या पाठीवर किती ओझे आहे याची यादी वर पाठवायची होती. बाईंनी पाय ठेवून उभे राहायचा काटा आणला. आधी नुसते मूल, मग दप्तरासकट मूल. मुंगी एकटी चोवीस किलो भरली. मला पाठीवर घेऊन उभी राहिली, तरी काटा चोवीसवरच.

बाईंनी काट्याला बोटाने टिचकी मारली. मला एकट्याला ठेवले, तर अकरा. पुन्हा मुंगीच्या पाठीवर चढवले, तर चोवीस. मग त्यांनी एका जाड्या मुलाला त्याच्या दप्तरासह उभे केले. काटा मुकाट्याने बरोबर दाखवू लागला.

"उद्या बघू," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांचे मिळून तेवीस भरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकवीस. बाईंनी मुंगीला काट्यावरून उतरवले, मला खाली ठेवायला लावले आणि वर्गाच्या दोन फेऱ्या मारायला सांगितल्या. दुसऱ्या फेरीला तिचे पाय लटपटले आणि ती बाकाला धरून उभी राहिली. बाईंचा चेहरा उतरला.

त्यांनी आईला बोलावून घेतले.

"हे मी यादीत लिहिलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लिहिलं तर मलाच सुटीवर पाठवतील. पण तुम्ही एक दिवस तिच्या मागून चालत या. आणि तिच्या बुटांचे तळ बघा."

आईने घरी जाऊन बूट उलटे केले. तीन महिने वापरलेले बूट. तळ दुकानातून आणल्यासारखे कोरे होते.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर उशिरा येण्याचा निरोप धाडला आणि मुंगीला कळू न देता मागून निघाली. स्वच्छ ऊन पडले होते. मुंगी पुढे, तिच्या पाठीवर मी. माझे पट्टे तिच्या खांद्यांपासून दोन बोटे वर सुटलेले होते. रस्त्यात आडवे पसरलेले एक कुत्रे आम्हाला पाहून उठले. मुंगीला त्याने वाट दिली आणि मग तिच्या मागच्या रिकाम्या जागेलाही वळसा घालून ते गेले.

पुढे एका गवंड्याने पदपथावर नुकताच सिमेंटचा कोबा केला होता. तो ओरडायच्या आतच मुंगी त्यावरून चालत गेली. कोब्यावर रेघही उमटली नाही. गवंडी हातातली थापी तशीच धरून पाहत राहिला. आणि मग मुंगीच्या दोन हात मागे, ओल्या सिमेंटमध्ये, एकामागून एक पावले उमटू लागली. मोठी, अनवाणी, टाचेकडे खोल रुतलेली. भरल्या पाठीचा माणूस चढ चढताना टाकतो तशी.

गवंड्याने आईकडे पाहिले. आईने गवंड्याकडे. त्याने खाली बसून ती पावले थापीने सारखी केली.

आई पळाली नाही. ती झपझप पुढे आली आणि तिने आपला हात माझ्या तळाखाली घातला. तिचा हात दुसऱ्या हाताला लागला. तिने बोटे चाचपली. एक, दोन, आणि मग ते न वाकणारे बोट. तिथे तिची बोटे थबकली.

"अहो," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "एवढं उचलू नका. पोरीचे पाय जमिनीला लागत नाहीत."

हात हलला नाही. उलट त्याने मला आणखी थोडे वर घेतले.

मुंगीने आईचा आवाज ऐकला. ती वळली नाही, पण तिचे खांदे आवळले गेले.

त्या संध्याकाळी आईने मला जमिनीवर उपडे केले. पुस्तकांच्या मागून वर्तमानपत्रे पडली, कात्री पडली, वीट पडली. एक दार अडवायला लावायचा लोखंडी ठोकळाही होता, तो तिला बरेच दिवस सापडत नव्हता. आई त्या ढिगाकडे बघत बसली.

"हे कशाला गं?"

मुंगीने वीट जवळ ओढली. मग म्हणाली, "जड नसलं की बाबा येत नाहीत."

आईने तिला कुशीत घेतले. ती तिला रागावली नाही. तिने वीट उचलून बाहेर नेऊन ठेवली. सकाळी पाहते तर ती पुन्हा माझ्यात होती. असे तीनदा झाले. चौथ्या दिवशी मुंगी जेवायची बंद झाली.

तेव्हा आई मला रिकामे करून, काखोटीला मारून वखारीत गेली. तिथल्या टोळीचा मुकादम म्हणजे साठी उलटलेला, पाठीत वाकलेला हमाल. मुंगीच्या बापाला ओझे घ्यायला त्यानेच शिकवले होते. त्याने आईला पोत्यावर बसवले आणि सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदाही हसला नाही.

"हमाल आपण होऊन ओझं टाकत नसतो," तो शेवटी म्हणाला. "कितीही कंबर मोडली तरी. समोरच्यानं 'ठेव' म्हटलं की मग ठेवायचं. वखारीचं पोतं होतं ते आम्ही त्याच्या पाठीवरून उतरवलं. हे राहिलं."

"मी सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत."

मुकादमाने मला हातात घेऊन फिरवून पाहिले. "हे दप्तर तुझं आहे का?"

"नाही. तिचं."

"मग ज्याचा माल, त्यानंच म्हणायला पाहिजे."

आई परत येताना मला उराशी धरून चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुंगीला अडवले नाही. मुंगीने वीट घातली, ठोकळा घातला, कात्री घातली. तेरा किलो. आईने स्वतः पट्टे नीट केले आणि दोघी निघाल्या. चढाच्या मध्यावर आल्यावर मुंगीचे बूट जमिनीपासून उघड उघड सुटले. एक बोटभर फट होती. वाऱ्याची झुळूक आली की ती थोडी तिरकी होई. शाळेची मुले बाजूने धावत जात होती आणि कोणाचेही लक्ष नव्हते.

"मुंगे, थांब," आई म्हणाली. "हात मागं घे. दप्तराखाली घाल."

मुंगीने हात मागे घेतला. तिची छोटी बोटे माझ्या तळाला लागली आणि मग त्या तळहातावर टेकली.

"काय लागतंय?"

"बाबांचा हात."

"कसा आहे?"

मुंगीने बोटे त्या तळहातावर फिरवली. मला तो हात रोज लागत होता, मित्रांनो, म्हणून मी सांगू शकतो. गेले कित्येक दिवस तो कापत होता. त्याला घाम फुटत होता, गार घाम, आणि तो माझ्या दुपदरी कापडात मुरत होता. मुंगीला आजवर फक्त हलके वाटले होते. खालचा हात कसा आहे, हे तिने कधी पाहिले नव्हते. मुले पाहत नाहीत. त्यांना कोणी दाखवतही नाही.

"थरथरतोय," ती म्हणाली. "ओला झालाय."

आई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, बाबा दमलेत का?"

"मला कसं कळणार? हात तर तुझ्या हातात आहे."

शाळेची घंटा झाली. रस्ता रिकामा होत गेला. मुंगी तशीच उभी होती, एक हात मागे नेऊन. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होते. मग घरात म्हणावे तितक्या सहज आवाजात ती म्हणाली, "बाबा, ठेवा."

मला वाटले होते, आता मी धाडकन खाली येणार. तसे झाले नाही. चांगला हमाल ओझे आदळत नाही. तो हात हळूहळू खाली आला, जणू कोणी गुडघे वाकवत होते. आधी मुंगीच्या टाचा टेकल्या. मग बुटाखालची खडी करकरली. तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. पट्टे खांद्यावर बसले. शेवटी नुसती बोटे उरली. पोते कलत नाही ना हे पाहायला हमाल क्षणभर ठेवतो तशी ती राहिली. आणि मग माझ्या तळाखाली वारा लागला.

तेरा किलो एकदम तिच्यावर आले. ती मटकन खाली बसली. आईने धरायला हात पुढे केला, पण मुंगीने मान हलवली. तिने बसल्या बसल्याच मला पाठीवरून काढले, उघडले आणि वीट बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवली. मग ठोकळा. मग कात्री. मग वर्तमानपत्रे. प्रत्येक वस्तू ठेवताना तिचे ओठ हलत होते. शेवटी तिने मला पुन्हा पाठीवर घेतले आणि उभी राहिली.

"तरी जड आहे."

"घेऊ का मी?"

मुंगीने चढाकडे पाहिले. "चढ संपेपर्यंत घे. वर गेल्यावर मी घेईन."

आई तिच्याबरोबर वर्गापर्यंत गेली. बाईंनी वर्गासमोर मला उघडले आणि आज कोणती पुस्तके लागणार ते विचारले. अकरांपैकी पाच निघाली. बाकीची वर्गातल्या कपाटात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच मुलांची जाऊ लागली. फाटकावरची सूचना कोणी काढली नाही, पण तिच्याखाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: 'आठवड्यातून एकदा शिक्षकांनीही दप्तर उचलून पाहावे.' पहारेकरी तीही बोटाने दाखवू लागला.

मुंगीचे पाय सावरायला तीन महिने लागले. सुरुवातीला तिला रोज संध्याकाळी पोटऱ्या दुखायच्या आणि आई तेल लावून द्यायची. आत्याही रोज यायची. ती आता काही बोलत नसे, मुंगीला घेऊन मैदानाच्या फेऱ्या मारत असे. वर्षअखेरीस काट्याने मुंगी सव्वीस आणि मी तीन असे एकोणतीस दाखवले. बाईंनी तो आकडा तीनदा तपासून यादीत लिहिला.

मी सातवीपर्यंत तिच्याबरोबर होतो. मग माझा एक पट्टा विरला आणि नवी, चकचकीत बॅग आली. आत्याने काही दिवस माझ्यात कांदे ठेवले. पुढे मी माळ्यावर गेलो. तिथे धूळ आणि अंधार यांच्याशिवाय कोणाची भेट नव्हती. उंदरांनी माझी एक बाजू कुरतडली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जुन्या वस्तूंचे असेच होते. आता आईची नजर अधू झाली आहे, ती घरीच थोडेफार शिवणकाम करते. तिने मला खाली काढून खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवले आहे. माझ्यात दोऱ्याची रिळे असतात.

मित्रांनो, या खिडकीतून सकाळी शाळेला जाणारी मुले दिसतात. काहींची दप्तरे आईबाबांच्या खांद्यावर असतात. काही मुले स्वतःच्याच पाठीवर डोंगर घेऊन वाकून चाललेली असतात. दप्तर कोणी उचलायचे, यावर मोठी माणसे आमच्या दारातच भांडतात. भांडोत. आधी ते उघडून तरी पाहा, एवढेच माझे सांगणे.

आणि अधूनमधून एखादे असेही मूल जाते, ज्याच्या दप्तराचे पट्टे खांद्यांना टेकत नाहीत. मागे कोणीही नसते. आईला आता लांबचे दिसत नाही, म्हणून ते एकट्या मलाच दिसते, आणि मला हाक मारता येत नाही. तुम्हाला असे मूल दिसले तर घाबरून बाजूला होऊ नका. त्याला थांबवा, त्याच्या शेजारी बसा, आणि त्याने आत काय काय भरले आहे ते त्यालाच एकेक करून काढू द्या.